शब्दचर्चा : 'सर्पेंटाइन माती'ला मराठीत काय म्हणावं, आणि तिच्या माळाला 'नापीक' म्हणावं का?

माळरानी :

नमस्कार मंडळी. एका छोट्या कामात शब्दांसाठी अडले आहे.

मी कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलला राहते. आमच्या मराठी शाळेतल्या मुलांना मार्चअखेर एजवूडच्या टेकडीवर न्यायचं ठरलंय. सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला, रेडवूड सिटीला लागून आणि २८० क्रमांकाच्या हायवेच्या अगदी कडेला ही टेकडी आहे. मुलांच्या हातात द्यायला दोन पानांचं मराठी पत्रक लिहायला घेतलं आणि पहिल्याच ओळीत थांबले. या टेकडीची सगळी गोष्ट तिच्या दगडात आहे. तो दगड म्हणजे सर्पेंटाइन. काळपट हिरवा, शेवाळी, कुठे निळसर झाक असलेला, आणि हाताला मेण लावल्यासारखा गुळगुळीत. ऊन तिरपं पडलं की अंगावर खवल्यांसारखी चमक येते. नाव सापावरूनच पडलंय, लॅटिनमधल्या सापाच्या शब्दावरून.

आधी मी 'सर्पिल मृदा' लिहिलं. मग आठवलं की 'सर्पिल दीर्घिका' असं आपण आकाशातल्या चक्राकार दीर्घिकांना म्हणतो, म्हणजे तो शब्द गुंडाळीच्या आकारासाठी आधीच लागलेला आहे. मैत्रिणीने 'नागमोडी माती' सुचवलं. मुलीला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "आई, माती वळणं घेत कशी जाईल?" तिचं बरोबर आहे. 'नागमोडी'त साप चालतो कसा ते आहे, आणि इथे साप दिसतो कसा ते हवंय.

काय करावं?

खडकवाटा :

ताई, भूविज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलं, म्हणून सांगतो: 'सर्पेंटाइन' हेच ठेवा. मुलं डायनोसॉर म्हणतात, सर्पेंटाइनही म्हणतील. नावामागची गोष्ट एका ओळीत सांगितली की शब्द आपला होतो.

मात्र खनिज आणि खडक यांत गल्लत होऊ देऊ नका. सर्पेंटाइन हा खनिजांचा गट आहे. त्यात मुख्य तीन: अँटिगोराइट, लिझार्डाइट आणि क्रिसोटाइल. ही खनिजं ज्यात भरलेली असतात तो खडक म्हणजे सर्पेंटिनाइट. कॅलिफोर्नियाने १९६५ साली 'राज्याचा खडक' म्हणून सर्पेंटाइन जाहीर केला तेव्हा कायद्यातही खनिजाचंच नाव खडकाला दिलं गेलं, त्यामुळे पत्रकात 'सर्पेंटाइन दगड' लिहिलंत तर कुणी चूक काढणार नाही. 'सर्पेंटाइन खनिज' आणि 'सर्पेंटाइन दगड' हे दोन मात्र वेगळे लिहा.

शब्दांची आवड असणाऱ्यांसाठी एक गोष्ट. लिझार्डाइट हे नाव ऐकून वाटतं की एकाने सापावरून नाव दिलं, दुसऱ्याने पालीवरून. तसं नाही. ते नाव इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधल्या लिझार्ड नावाच्या भूशिरावरून आलं, आणि त्या भूशिराच्या नावाचा पाल-सरड्याशी संबंध नाही, ते जुन्या कॉर्निश भाषेतलं स्थलनाम आहे. अँटिगोराइटही तसंच, इटलीतल्या अँटिगोरिओ खोऱ्यावरून. खरा साप 'ओफियोलाइट' या शब्दात आहे, ग्रीक भाषेतून आलेला. समुद्रतळाचा आणि त्याखालच्या प्रावरणाचा (पृथ्वीच्या कवचाखालच्या थराचा) तुकडा जमिनीवर चढून बसला की त्या खडकांच्या मालिकेला ओफियोलाइट म्हणतात. तुमची टेकडी त्याच घराण्यातली. प्रावरणातल्या ऑलिव्हीनसारख्या खनिजांत पाणी मुरलं, त्यांचं रूप पालटलं आणि सर्पेंटाइन झालं.

एक काळजीचं: क्रिसोटाइल म्हणजे पांढरा ॲस्बेस्टॉस. २०१० साली याच कारणाने या खडकाचा राज्याचा मान काढून घ्यायचा प्रस्ताव कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळात आला होता. भूवैज्ञानिकांनी विरोध केला आणि मान टिकला. वाटेवर पडलेला दगड हातात घेऊन बघायला हरकत नाही. पण मुलांना दगड फोडू देऊ नका, धूळ उडवू देऊ नका. पत्रकात ही ओळ ठळक अक्षरात हवी.

औषधीवाटा :

मराठीत या दगडाला शब्दच नाही असं नाही हो! आमच्या दुकानात आजोबांच्या काळापासून 'जहरमोहरा' असतो. फिकट हिरवट, गुळगुळीत खडा. फारसीत जहर म्हणजे विष आणि मोहरा म्हणजे मणी किंवा खडा. विष उतरवणारा खडा अशी त्याची ख्याती. युनानीत आणि आयुर्वेदात जहरमोहरा पिष्टी (बारीक खललेली पूड) म्हणून जे वापरतात ते बहुतेक सर्पेंटाइनच असतं.

म्हणजे युरोपात त्याला सापाचं नाव मिळालं आणि आपल्याकडे सापाच्या विषावरच्या उताऱ्याचं. उतारा खरा की खोटा तो वेगळा विषय, पण शब्द आपल्या भाषेत शेकडो मैल चालत आलाय.

माळरानी :

काका, जहरमोहरा वाचून मी उभीच राहिले! हा शब्द मी लहानपणी आजीच्या तोंडी ऐकला होता, पण तो याच दगडाचा हे आज कळलं. पत्रकात चौकट करून घालते. पण 'जहरमोहरा माती' म्हणता येणार नाही, कारण तो शब्द औषधाच्या डबीतल्या खड्याचा आहे, डोंगराचा नाही. तेव्हा माती सर्पेंटाइनच राहील. पहिला प्रश्न मिटला.

दुसरा जास्त अवघड आहे. इंग्रजीत अशा जागांना 'सर्पेंटाइन बॅरन' म्हणतात. शब्दकोशात बॅरनला नापीक, ओसाड, उजाड, पडीक, वांझ असे शब्द मिळतात. शेवटचा तर मी लिहिणारच नाही. बाकीचेही हात धजत नाहीत. मार्चमध्ये ही टेकडी पिवळीजर्द असते, गोल्डफील्ड्स नावाच्या बोटभर उंचीच्या फुलांनी. मध्ये जांभळ्या तुऱ्यांचे ठिपके, कडेला केशरी पॉपी. गुडघे टेकून बघितलं की एका हातभर जागेत सात-आठ जातींची रोपं मोजता येतात, आणि त्यातलं एकही करंगळीपेक्षा उंच नसतं. याला ओसाड म्हणायचं?

कणकवलीकर :

ताई, मी तलाठी म्हणून नोकरी केली, आता निवृत्त आहे. जमिनीला नावं देण्याचंच काम केलं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

तुम्ही दिलेले शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत. 'पडीक' म्हणजे कधीतरी कसलेली आणि मग टाकून दिलेली. 'ओसाड' म्हणजे माणसं होती, ती गेली, जागा ओस पडली. 'उजाड' म्हणजे हिरवं होतं, ते गेलं. तिन्हींत काहीतरी हरवलेलं आहे. तुमच्या टेकडीवर तर काही हरवलेलं नाही, ती आहे तशीच आहे. 'नापीक' हा शब्द पिकाच्या बाजूने बोलतो: मला हवं ते येत नाही, म्हणून तू नापीक. मातीच्या बाजूने बोलणारा शब्द 'निकस'. कस नाही, एवढंच तो सांगतो. दोष लावत नाही.

कोकणात आणखी एक शब्द आहे, 'वरकस'. उतारावरची जमीन, जिथे भात होत नाही पण नाचणी होते, वरी होते, राबासाठी, म्हणजे पेरणीआधी शेत भाजायला, पाला मिळतो. वरकस जमिनीला कुणी कमी लेखत नाही, तिचं काम वेगळं एवढंच.

आणि सातबाऱ्यावरचा 'पोटखराबा'. लागवडीला अयोग्य असं क्षेत्र. हिशेबाच्या सोयीसाठी केलेला शब्द, पण त्याने काय होतं ते मी टेबलापलीकडून पाहिलंय. "नाहीतरी पोटखराबाच आहे," असं म्हणत माणसं यायची, आणि सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या माळावर, चिरेखाण सुरू व्हायची. माझ्या एका गावचा सडा असाच गेला. श्रावणात त्या सड्यावर सीतेची आसवं फुलायची, पाण्याच्या पातळ थरावर निळं-जांभळं पांघरूण घातल्यासारखी. कागदावर त्या फुलांसाठी रकाना नव्हता. मी स्वतः तिथे 'खराबा' लिहिलेलं आहे, आणि ते अजून आठवतं.

एक विचारतो: आमच्या जांभ्याच्या सड्याची माती आणि तुमची ही माती, एकच प्रकार का? आमच्या तालुक्यात जानवली-वागदे भागात क्रोमाइट (क्रोमियमचं खनिज) असल्याच्या नोंदी आहेत, म्हणून विचारलं.

खडकवाटा :

साहेब, चुलत भावंडं म्हणा, सख्खी नव्हेत.

जांभा म्हणजे लाखो पावसाळ्यांनी धुऊन उरलेला भाग: लोह आणि ॲल्युमिनियम राहिलं, बाकी वाहून गेलं. सर्पेंटाइन मातीचा त्रास मूळ दगडातूनच येतो. त्यात मॅग्नेशियम भरमसाट आणि कॅल्शियम अगदी थोडं, झाडांना हवं त्याच्या नेमकं उलट. नत्र, स्फुरद, पालाश तुटपुंजे. वर निकेल, क्रोमियम, कोबाल्ट. आणि थर पातळ, पाणी टिकत नाही. जानवली-वागद्याचं क्रोमाइट मात्र याच कुळातलं, कारण क्रोमाइट अशाच मॅग्नेशियमने भरलेल्या खडकांत सापडतं.

दोघांत सारखं काय, तर दोन्हीकडे माती पातळ आणि निकस, म्हणून दोन्हीकडे अशी झाडं जी दुसरीकडे दिसत नाहीत. कास पठार २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत गेलं तेही जांभ्याचंच.

पानफूल :

'निकस'ला माझं मत. आणि निकस असणं हेच तिथल्या झाडांचं कवच आहे, हे पत्रकात जरूर यावं.

कॅलिफोर्नियाची बाकीची कुरणं भूमध्य समुद्राकडून आलेल्या गवतांनी केव्हाच व्यापली. ती गवतं खादाड आहेत, त्यांना नत्र लागतं. सर्पेंटाइनवर नत्र नाही, म्हणून तिथे त्यांचा शिरकाव झाला नाही आणि मूळची फुलं उरली. राज्याच्या जमिनीपैकी सर्पेंटाइन जेमतेम एक-दीड टक्का, पण तिथल्या प्रदेशनिष्ठ (जगात दुसरीकडे कुठेच न सापडणाऱ्या) वनस्पतींपैकी दहाएक टक्के याच मातीवर.

आता माझी तक्रार एका प्रत्ययाविषयी. अशा झाडांना सर्रास 'धातुप्रिय' लिहितात. वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर क्रुकेबर्ग यांनी १९५१ साली प्रसिद्ध केलेले प्रयोग बघा. एकाच जातीची सर्पेंटाइनवरची आणि साध्या मातीवरची रोपं त्यांनी दोन्ही मातींत वाढवली. सर्पेंटाइनवरची रोपं दोन्हीकडे जगली. साध्या मातीतली सर्पेंटाइनवर खुरटली. म्हणजे या झाडांना ही माती प्रिय आहे असं नाही. त्यांना चांगली माती चालते, पण तिथे दांडग्या शेजाऱ्यांपुढे टिकाव लागत नाही. म्हणून ती इथे राहतात, सोसून. मराठीत याला शब्द आहे ना घरचा: सोशिक. 'धातुसोशिक वनस्पती' म्हणा. 'सहिष्णु'पेक्षा कितीतरी जवळचा.

दुसरा शब्द 'धातुखाऊ'. वर्तमानपत्री मथळ्यांत दिसतो, पण फसवा आहे. सर्पेंटाइनवरची बहुतेक झाडं धातू मुळाशीच अडवतात. फार थोडी तो आत घेऊन पानांत साठवतात. त्यांच्यासाठी 'अतिसंचयी' हा शब्द बरा. निकेलच्या बाबतीत सुक्या पानांच्या किलोमागे १ ग्रॅम ही मर्यादा रॉबर्ट ब्रूक्स आणि सहकाऱ्यांनी १९७७ साली धरली. साध्या झाडांत ते काही मिलिग्रॅम असतं. फ्लॉरेन्सजवळच्या सर्पेंटाइन टेकड्यांवरच्या ॲलिसम बर्टोलोनी या पिवळ्या फुलाच्या झुडपात एवढं निकेल असतं हे १९४८ सालीच इटलीत नोंदलं गेलं होतं. आणि पॅसिफिक महासागरातल्या न्यू कॅलेडोनिया बेटावरचं पिक्नँड्रा अक्युमिनाटा हे झाड! सालीवर चीर दिली की निळसर हिरवा चीक येतो, आणि तो सुकवला तर वजनाचा जवळजवळ चौथा हिस्सा निकेल. इंग्रजीतला 'हायपरॲक्युम्युलेटर' हा शब्द १९७६ साली याच झाडावरच्या निबंधाच्या मथळ्यात आला. निळा चीक गळणारं झाड, मुलं हे विसरणार नाहीत.

माळरानी :

'सोशिक' घेतला. आमच्याकडे घरात हा शब्द बायकांना लावतात, आणि तो झाडाला लावताना मला पहिल्यांदाच आवडला.

आता तिसरा शब्द, ज्यासाठी खरं तर हा धागा काढला: 'कॉन्झर्वेशन'. सगळीकडे 'संवर्धन' लिहितात. मीही लिहिलं होतं. पण पशुसंवर्धन, मत्स्यसंवर्धन, वृक्षसंवर्धन या सगळ्यांत वाढवणं आहे. वर्धन म्हणजे वाढच. आणि या टेकडीचं दुखणं असं आहे की तिला वाढवायला गेलं की ती मरते.

बे चेकरस्पॉट नावाचं फुलपाखरू आहे. पंखांवर काळ्या, तांबड्या, फिक्या पिवळ्या चौकड्या. त्याची मादी अंडी घालते ती मुख्यतः प्लँटॅगो इरेक्टा या बोटभर रोपावर. हे रोप म्हणजे आपल्या इसबगोलाची चुलत बहीण. उन्हाळ्यात रोप वाळायच्या आत सुरवंटाला पुरेसं मोठं व्हावं लागतं, मग तो दगडांच्या आडोशाला पाऊस येईपर्यंत झोपून राहतो. जीवशास्त्रज्ञ पॉल एर्लिक यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या जॅस्पर रिज या राखीव टेकडीवर १९६० साली या फुलपाखराचा अभ्यास सुरू केला आणि तो दशकानुदशकं चालला. १९८७ साली ते 'थ्रेटन्ड', म्हणजे धोक्यात आलेलं, म्हणून कायद्याच्या यादीत आलं. १९९८ पर्यंत जॅस्पर रिजवरून ते संपलंही. जागा राखलेली होती, कुंपण होतं, अभ्यासक रोज जात होते. तरी संपलं.

दक्षिणेला सॅन होजेजवळच्या टेकड्यांवर काय झालं ते परिसंस्थांचे अभ्यासक स्टुअर्ट वाइस यांनी १९९९ साली मांडलं. गाड्यांच्या धुरातलं नत्र हवेतून जमिनीवर उतरतं, हेक्टरी वर्षाला १० ते १५ किलो. शेतकऱ्याला विचारा, हे खतच झालं! कुणी न टाकता, न मागता पडणारं खत. निकस मातीला कस आला, आणि इटालियन रायग्रास आत घुसलं. इसबगोलाची बहीण त्या गवताखाली गुदमरली. जिथे निसर्ग वाचवायचा म्हणून गाई काढून टाकल्या, तिथे फुलपाखरू झपाट्याने गेलं. जिथे गाई चरत राहिल्या तिथे टिकलं, कारण गाई गवत आधी खातात. आज तिथल्याच कायोटी रिजवर (कायोटी म्हणजे कोल्ह्यासारखा प्राणी) ठरवून गाई चारतात, आणि या फुलपाखराची सगळ्यात मोठी वस्ती तिथेच आहे. २०२३ साली ती जागा लोकांना खुली झाली तेव्हा तिला मूळच्या ओलोनी लोकांच्या भाषेतलं नाव दिलं, माय्यान ओयाकमा. अर्थ तोच, कायोटींची टेकडी.

एजवूडवर तर एके काळी गोल्फचं मैदान व्हायचं होतं. 'नाहीतरी तिथे काय आहे' हेच ना, कणकवलीकर काका? लोकांनी वर्षानुवर्षं भांडून १९९३ साली ती नैसर्गिक राखीव जागा करून घेतली. काटेरी पुदिन्यासारखं सॅन मटेओ थॉर्नमिंट नावाचं एक झाड जगात जवळजवळ याच टेकडीपुरतं उरलंय.

मागच्या वर्षी मी तिथे गेले तेव्हा एका दगडाशेजारी बसून ऐकत होते. खाली २८० ची घरघर एक क्षण थांबत नव्हती. त्यातली एक गाडी माझीच होती, खाली लावलेली. मुलांना हे सांगताना 'आपण संवर्धन करूया' कसं म्हणू? काय वाढवूया?

पानफूल :

'जतन' कसं वाटतं?

औषधीवाटा :

जतन वस्तूचं होतं. दागिने, पोथी, लोणचं. ठेवून दिलं की झालं. इथे तर दरवर्षी गवत काढावं लागतंय.

कणकवलीकर :

'राखणे'.

शेत राखतो, गुरं राखतो, रान राखतो. राखणारा वस्तू कपाटात ठेवत नाही, तो तिथे जाऊन बसतो. पाखरं हाकतो, कुंपण बघतो, जे नको ते काढतो. आणि राखण करणारा स्वतः काही वाढवत नाही, वाढायचं ते आपलं आपण वाढतं. देवराई आपण लावली नाही, राखली.

आमच्याकडे वाडीत नाग दिसला तर त्याला मारत नाहीत, 'राखणदार' म्हणतात. तुमच्या दगडाला सापाचं नाव आहेच. मुलांना एवढं सांगा, की त्या माळाचा राखणदार तो दगडच. त्याने परक्या गवताला आत येऊ दिलं नाही. आता धुराने त्याचं बळ कमी पडतंय, म्हणून माणसांनी आणि गाईंनी त्याच्यासोबत बसायचं.

खडकवाटा :

याच्यापुढे माझ्याकडे शब्द नाही. फक्त 'संरक्षण' पोलिसांसाठी ठेवा आणि 'राखण' इथे वापरा.

माळरानी :

काल रात्री पत्रक पुन्हा लिहिलं. शेवटचा परिच्छेद इथे देते, चूक असेल तर सांगा:

"हा सर्पेंटाइनचा माळ आहे. याची माती निकस आहे, म्हणून इथली सोशिक फुलं टिकली. इथे खत घालायचं नाही, झाडं लावायची नाहीत, दगड फोडायचा नाही. हा माळ राखायचा. एजवूडवर माणसं तण उपटतात आणि गवत कापतात. कायोटी रिजवर गाई सोडतात."

कणकवलीकर :

'गाई सोडतात' नको, ताई. सोडलेल्या गाई म्हणजे मोकाट ढोरं, ती फुलांसकट सगळं तुडवतील. 'ठरलेल्या दिवसांत गाई चारतात' असं लिहा. गुराखी बरोबर असतो हे मुलांना कळायला हवं.